उजवीकडे, सगळ्यात खाली

बाबा,

तुमचा कॉम्प्युटर काल सुरू केला. तुम्ही गेल्यापासून तीन आठवडे त्याला कोणी हात लावला नव्हता. बटण दाबलं तसा तो नेहमीसारखा घरघरला, जरा विचारात पडला, आणि मग तुमचे सगळे आयकॉन आपापल्या जागी येऊन उभे राहिले. मध्ये मोकळ्या जागा सोडून, तुम्ही ठेवले होते तसेच. लगेच खालच्या कोपऱ्यात तो पिवळा फुगा आला. तुमच्या डेस्कटॉपवर न वापरलेले आयकॉन आहेत, साफ करायचे का? हा फुगा दिसला की तुम्ही म्हणायचात, "ह्याला रे कशाला नसत्या चौकशा?" काल ते म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं आणि फुगा बंद केला.

तुमचा समीर दारात उभा होता. "ही कॉम्प्युटर ठेवायची आहे का?" त्याने विचारलं. "कौन्सिलला रिंग केला तर दे विल टेक इट अवे. थर्सडेला येतात."

तुम्ही असतात तर आतल्या खोलीतून आवाज आला असता, 'तो कॉम्प्युटर, ती खुर्ची, ते टेबल, किती वर्षं सांगू तुला?' मी त्याला दुरुस्त केलं नाही. आम्ही दोघं सध्या एकमेकांशी जपून बोलतो. त्याला कारण तुम्ही आहात. म्हणजे खरं तर मी आहे, आणि एक पाकीट आहे. ते पाकीट मी फोडलं होतं, बाबा. त्यानंतर अकरा महिने रोज तुमच्यासमोर बसून चहा प्यायले आणि एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, हेही मला माहीत नाही. म्हणून समीरला म्हटलं, थर्सडेपर्यंत थांब, मला यावर थोडं लिहायचंय.

पाकिटं हा तुमचा प्रांत. लेस्टरच्या डिलिव्हरी ऑफिसात तुम्ही एकतीस वर्षं टपाल लावलंत आणि वाटलंत. मी लग्न होऊन पुण्याहून आले त्याच्या पहिल्याच महिन्यात समोरच्या बाईंचं पत्र चुकून आपल्या दारात पडलं आणि मी नाव न बघता ते उघडलं. मला रडूच यायला लागलं. देश नवा, त्यात दुसऱ्याचं पत्र. तुम्ही शर्टाच्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलंत. "ह्यावर लिही, ओपन्ड इन एरर. म्हणजे चुकून उघडलं. आणि टाक परत लाल पेटीत."

"आणि त्या रागावल्या तर?"

"कशाला रागावतील? लिहिलंयस ना, चुकून म्हणून. इथे एवढं लिहिलं की झालं."

मला त्या दिवशी तुमचा हा देश फार सोपा वाटला होता.

कॉम्प्युटर शिकायचं तुम्ही काढलंत ते निवृत्तीनंतर, आणि तेही ईर्षेने. मिरजेच्या आत्या, तुमची धाकटी बहीण, ई-मेल पाठवायला लागल्या होत्या. टाइप त्यांची सून करायची, आत्या नुसत्या शेजारी बसून सांगायच्या, पण धाकटी बहीण आपल्या पुढे गेली हे तुम्हाला काही केल्या पचेना. मी सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत, तेव्हा मास्तरकी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, रोज लागणाऱ्या गोष्टींचे शॉर्टकट डेस्कटॉपवर काढून ठेवू, म्हणजे शोधाशोध नको. तुम्ही माऊसवरचा हात काढून घेतलात.

"शॉर्टकट? वीणा, मी एकतीस वर्षांत एकदाही कोणाच्या लॉनवरून चालत गेलो नाही. प्रत्येक गेट उघडलं आणि प्रत्येक गेट लावलं. आता म्हातारपणी शॉर्टकट मारायला शिकवतेस?"

मी समजावलं की तसं नाही. फाइल तिच्या जागीच असते, कुठेतरी आत. हे चित्र फक्त तिच्याकडे घेऊन जातं. कोपऱ्यात छोटा बाण आहे बघा, तो बाण म्हणजे खूण. तुम्ही चष्मा वर सारून पडद्याजवळ गेलात, बाण पाहिलात, आणि म्हणालात, "मग असं सांग की. हा पत्ता आहे."

तेव्हापासून आपल्या घरात शॉर्टकट हा शब्द बंद झाला. 'वीणा, हवामानाचा पत्ता काढून दे.' 'वीणा, पत्त्यावर दोनदा टिचकी मारली तरी दार उघडत नाही.' पुढे बेलग्रेव्ह रोडजवळच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या ज्येष्ठांसाठी तुम्ही शनिवारचा वर्ग सुरू केलात, दोन जुने कॉम्प्युटर आणि सात-आठ विद्यार्थी, त्यातला निम्मा वेळ चहात जायचा. मी एकदा मागे बसून ऐकलं होतं. "पाकीट फाडलं म्हणून घर पडतं का?" तुम्ही विचारत होतात. "नाही. तसंच हे. पत्ता डिलीट केला तर फाइल जात नाही, घाबरायचं नाही. पण घर पाडलंत तर मात्र पत्ता हातात ठेवून काय उपयोग?" दहा वर्षं हेच काम करून मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही स्वतःच घर पाडलंत. मंडळाच्या सगळ्या सभासदांच्या फोन नंबरांची यादी डिलीट करून टाकलीत, आणि पत्त्यावर टिचक्या मारत बसलात. पडद्यावर एक छोटी बॅटरी आली आणि इकडेतिकडे उजेड फिरवायला लागली. तुम्ही मला हाक मारून ते दाखवलंत, काळजीने नाही, कौतुकाने. "बघ, बिचारा पोस्टमन शोधतोय." यादी मी कचरापेटीतून काढून दिली. वर्गात मात्र ही गोष्ट तुम्ही एका सभासदाच्या नावावर खपवलीत.

नावं द्यायची तुम्हाला भारी हौस. प्रत्येक पत्त्याच्या आधी कॉम्प्युटर आपला 'शॉर्टकट टू' असं लिहितो, ते तुम्हाला अजिबात चालायचं नाही. एफ टू दाबून नाव बदलता येतं हे शिकवलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्ही सगळ्यांचं बारसं केलंत. मराठी अक्षरं तेव्हा तिथे नीट उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी नावं. 'हवा', 'पेपर', 'आत्या', 'मंडळ', 'गाणी'. सासूबाईंचे फोटो तुम्ही 'आई' या नावाने ठेवलेत. समीरने ते वाचलं, "ए ए आय म्हणजे काय, बाबा? इन्शुरन्स आहे का?"

"तुझी आई आहे रे, गाढवा," तुम्ही म्हणालात. मग तुम्ही दोघं खूप हसलात, आणि हसता हसता समीर फोटो बघत तिथेच बसून राहिला. मी सासूबाईंना पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी त्यांची ओळख झाल्यासारखी वाटली.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही, आणि तो वाद आपला अजून मिटलेला नाही. तुमच्या आयकॉनच्या जागा. दोन इथे, मग मोकळी जागा, तीन तिकडे, एक एकटाच मध्ये. मला ते सांडल्यासारखं दिसायचं. तुम्ही म्हणायचात, ही माझी फ्रेम आहे. फ्रेम म्हणजे ऑफिसातला तो उभा कप्प्यांचा घोडा, ज्याच्यासमोर उभं राहून पोस्टमन सकाळी आपली पत्रं लावतो. प्रत्येक घराला एक कप्पा. "पण कप्पे नंबराने नसतात," तुम्ही सांगितलं होतंत. "चौदानंतर सोळा येत नाही. चौदानंतर समोरचं अकरा येतं, कारण रस्ता तिथेच ओलांडायचा असतो. कप्पे पायांच्या हिशोबाने लावायचे. पहिलं गेट पहिला कप्पा, शेवटचं गेट शेवटचा. महिन्याभराने बघावं लागत नाही. मी डोळे मिटून पत्र टाकायचो, हाताला ठाऊक असायचं."

तुमची डेस्कटॉपवरची फेरीही तशीच होती. सकाळी वर डावीकडे हवा, खाली पेपर. रस्ता ओलांडला की आत्या. दुपारी मंडळ. चहानंतर गाणी, आणि दिवे लागायच्या वेळी आई. उजवीकडे सगळ्यात खालचा कप्पा तुम्ही रिकामा ठेवलात. तिथे मुळात कचरापेटी होती. मी कीबोर्ड शिकवताना म्हटलं की होम बटण दाबलं की पहिल्या आयकॉनवर जातं आणि एंड दाबलं की शेवटच्या. तुम्ही एंड दाबलंत आणि कचरापेटीवर जाऊन पोचलात. "हे बघ, म्हातारा माणूस एंड दाबतो आणि थेट कचऱ्यात." त्याच मिनिटाला तुम्ही ती पेटी ओढून डावीकडे नेलीत, जिथे पत्ता न सापडलेली पत्रं टाकायचा कप्पा असतो. मी विचारलं, मग उजवीकडे खाली काय ठेवायचं?

"काही नाही. ते घर. पिशवी रिकामी झाली की मग घर."

आता तो शनिवार. तुम्ही वर्गाला गेला होतात. मी व्हायरस तपासायचा प्रोग्राम टाकायला तुमच्या खुर्चीत बसले होते. काम झालं, आणि तो पसारा बघून माझे हात शिवशिवले. उजवं बटण दाबलं, आयकॉन नावाप्रमाणे लावले, वर ऑटो अरेंजची खूण करून ठेवली म्हणजे पुन्हा सांडायला नकोत. एका क्षणात सगळे डावीकडे शिस्तीत उभे राहिले. मी स्वतःवर खूश होते, हे कबूल करते. तुम्ही आल्यावर शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

तुम्ही येऊन बसलात. मी स्वयंपाकघरात होते. तुमची बटणांची खटखट मला तिथे ऐकू यायची आणि तेवढ्यावरून कळायचं की तुम्ही कुठे चाललात. खाली, खाली, मग उजवीकडे, की आत्या. त्या दिवशी खटखट झाली, थांबली, परत झाली. मग माऊस ओढल्याचा आवाज. ऑटो अरेंज असलं की तुम्ही कितीही ओढा, आयकॉन परत रांगेत पळतो. मी बाहेर आले तर तुम्ही पडद्याला नाक लावून बसला होतात.

"माझ्या फ्रेमला हात लावलास?"

"बाबा, फक्त नीट लावलंय. नावाप्रमाणे आहे. आता कोणालाही सापडेल."

"कोणालाही सापडायला नकोय. मला सापडायला हवंय."

आवाज चढवला नाहीत. उठून भिंतीवरचा स्विच बंद केलात, नीट शटडाऊनसुद्धा न करता, आणि वर निघून गेलात. मला इतका राग आला. एवढ्याशा आयकॉनांवरून एवढा ताठा कशाला, असं मी समीरजवळ बोलले. दुसऱ्या दिवशी ऑटो अरेंजची खूण काढली, पण तुमचे कप्पे कुठे कुठे होते ते मला आठवेना. रोज बघत होते आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, राहू दे. पुढच्या शनिवारी तुम्ही वर्गाला गेला नाहीत, घसा बसलाय म्हणालात. नंतरचे दोन आठवडे पडद्याला चिकटून एकेक आयकॉन परत आपल्या जागी नेत राहिलात. मला वाटलं, मला दाखवायला चाललंय.

मग पाकीट आलं. माझ्या थायरॉइडच्या तपासणीचं पत्र यायचं होतं, हॉस्पिटलचा शिक्का दिसला, खिडकीतून व्ही. साठे एवढं दिसलं, मी फोडलं. वीणा आणि वसंत, दोघांचंही व्ही. पत्र डोळ्यांच्या विभागाकडून होतं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे, कडेचं दिसत राहील, चष्म्याने सुधारणार नाही, आता तुमचं नाव दृष्टी अधू असलेल्यांच्या नोंदीत घालत आहोत. आणि खाली, आपण म्हणाला होता त्याप्रमाणे कुटुंबीयांना कळवलेलं नाही.

मी जिन्यात बसले, बाबा. एकेक गोष्ट समोर यायला लागली. चहा ओतताना कपाच्या कडेला लावलेलं बोट. पेपरातलं शब्दकोडं सोडून दिलं होतंत, म्हणालात हल्ली सोपी देतात. जिना उतरताना ओठ हलायचे, मला वाटायचं जप करताय. पायऱ्या मोजत होतात. आणि ती फ्रेम. तुम्हाला आयकॉन धड दिसतच नव्हते. हाताला ठाऊक होतं तेवढ्यावर तुम्ही रोज आत्यापर्यंत जाऊन पोचत होतात, आणि मी एका टिचकीत तुमचा सगळा रस्ता उखडून टाकला होता.

तुम्ही मला शिकवलं होतंत काय करायचं ते. पेन घ्यायचं आणि तीन शब्द लिहायचे. मी सेलोटेप आणली. पाकीट इतकं काळजीपूर्वक चिकटवलं की बघणाऱ्याला कळू नये, आणि दारातल्या पायपुसण्यावर परत ठेवून दिलं. एकतीस वर्षं पाकिटं हाताळलेल्या माणसाच्या बोटांना टेप कळणार नाही असं मला का वाटलं कोण जाणे. तुम्ही ते उचललंत, उलटसुलट केलंत, खिशात घातलंत आणि म्हणालात, "आज थंडी आहे."

समीरला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काळजीपोटी आधी तुमचा वर्ग बंद केला असता, मग गॅस, मग एकट्याने बसने जाणं. तुम्ही हे ओळखूनच लपवलं होतंत. म्हणून मी ठरवलं की तुम्ही सांगाल तेव्हाच मला कळेल. हे बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

त्याऐवजी मी आयकॉन मोठे केले. एके दिवशी थोडे, पंधरा दिवसांनी आणखी थोडे. माऊसचा बाण जाड केला. निळी पार्श्वभूमी काढून काळी केली, अक्षरं पांढरी. दर वेळी जागा जिथल्या तिथे आहेत ना ते तीनदा तपासलं, कागदावर नकाशा काढून. तुम्ही विचारलंत, "हे बदललं का काही?"

"अपडेट आलं होतं, बाबा. आपोआप होतं."

"असं होय." तुम्ही पडद्याकडे तोंड करून बसलात, जरासं तिरकं, कडेने दिसतं म्हणून. "हल्ली बरीच अपडेट पाठवतात हे लोक."

मग एका सकाळी, मी ऑफिसला निघताना कोट घालत होते, तेव्हा तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "वीणा, पुढच्या अपडेटमध्ये अक्षरं जरा जाड होतील का गं?"

"होतील बहुतेक," मी म्हटलं.

"बघ बाई. घाई नाही."

बसमध्ये मी सबंध रस्ता खिडकीकडे तोंड करून बसले. त्या क्षणी बोलायला हवं होतं. तुम्ही दार उघडून दिलं होतंत आणि मी बाहेरच उभी राहिले. की तुम्ही खरंच अपडेटबद्दलच विचारत होतात? हे कोडं मी तुमच्या हयातीत सोडवलं नाही. संध्याकाळी येऊन अक्षरं जाड केली.

हृदयाचं दुखणं अचानक आलं आणि चार दिवसांत आटोपलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातली नर्स समीरला सहज म्हणाली, वडिलांना दिसत नाही तेव्हा पाण्याचा ग्लास हातात द्या. समीर कॉरिडॉरमध्ये आला. "बाबांना दिसत नव्हता? तुला माहीत होता?"

मी हो म्हटलं. त्याने विचारलं, किती दिवस? मी तेही सांगितलं.

"तो माझा बाबा आहे, वीणा," एवढंच तो म्हणाला. अशा वेळी तो तुम्हाला अरेतुरे करतो ते त्याला भाषा येत नाही म्हणून. पण त्या वाक्यात काही चुकलेलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही जपून बोलतो.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. वाटलं होतं, एवढ्यावर संपेल.

आज सकाळी समीर तुमचं टेबल रिकामं करत होता. उजवीकडचा सगळ्यात खालचा ड्रॉवर कायम अडकायचा, तुम्ही त्यात कोणाला हात घालू द्यायचा नाहीत. त्याने गुडघे टेकून तो ओढून काढला. मी ऑफिसच्या तयारीत होते. तो वर आला आणि माझ्यासमोर एक पाकीट धरलं. हॉस्पिटलचा शिक्का, खिडकीत व्ही. साठे. वरच्या कडेला माझी सेलोटेप, आता पिवळी पडलेली.

"ड्रॉवरमध्ये हा एकटाच होता," समीर म्हणाला. "दुसरा काहीच नाही. आय थिंक तुझ्यासाठी आहे."

पाकिटावर जाड काळ्या मार्करने तीन शब्द लिहिले होते. अक्षरं एकमेकांवर चढलेली, शेवटचा शब्द कडेवरून खाली घसरलेला. न बघता, हाताला ठाऊक आहे म्हणून लिहिलेली. ओपन्ड इन एरर.

मी लिहायला हवं होतं ते माझ्या वतीने तुम्हीच लिहून ठेवलं होतंत. कधी, ते कळायला मार्ग नाही. पण टेप न उचकटता, पाकीट खालून नीट कापून पत्र काढलेलं आणि परत आत सरकवलेलं आहे, म्हणजे टेप तुमच्या बोटांना पहिल्याच दिवशी कळली असणार. म्हणजे ती सगळी अपडेट. म्हणजे 'घाई नाही.' अकरा महिने मी तुम्हाला सांभाळून घेतेय असं मला वाटत होतं, आणि तुम्ही मला सांभाळून घेत होतात.

मी रडले. समीरने पाकीट हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याला या तीन शब्दांचा अर्थ सांगावा लागला नाही, तो पोस्टमनचा मुलगा आहे. "त्याने तुला सांगितला," तो म्हणाला, "अँड यू टोल्ड हिम. तुम्ही दोघं फक्त बोलला नाही." मग जरा वेळाने, "मला पण कोणीतरी अपडेट पाठवायचं होतं." मी म्हटलं, हो, पाठवायला हवं होतं, माझं चुकलं. तो माझ्या शेजारी बसला. ऑफिसला मी उशिरा गेले.

कौन्सिलला फोन करायचा नाही असं ठरलं आहे. तो कॉम्प्युटर इथेच राहील. ही नाही, तो; समीरने स्वतःच दुरुस्त केलं.

वाद मात्र मी सोडलेला नाही, बाबा. नावाप्रमाणे लावलं तर नवख्या माणसाला लवकर सापडतं, हे माझं म्हणणं आजही आहे. पण ज्याला रोज त्याच वाटेने जायचंय त्याच्यासाठी तुमचंच बरोबर. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये वर्ग मी घेणार आहे. सुरुवात पत्त्यापासून करीन.

हे आता संपवते. फाइल आत, कागदपत्रांत ठेवली आहे, ते तिचं घर. तिचा पत्ता डेस्कटॉपवर काढला. एफ टू दाबून 'शॉर्टकट टू' खोडलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी नाव दिलं, 'चुकून'. मग तो ओढत उजवीकडे सगळ्यात खाली आणला आणि तुमच्या रिकाम्या कप्प्यात सोडला. ऑटो अरेंजची खूण काढलेली आहे, दोनदा पाहिलं. डोळे मिटून एंड दाबलं, तर बरोबर तिथेच गेलं.

तुमच्या पिशवीत राहिलेलं एवढंच होतं. ती रिकामी झाली, बाबा. आता घरी या.